सोलापूरहून कोकणात रोड सायकलनं: किलोमीटर नको, खाड्या मोजा

आपल्याकडं सायकल चालवणारा माणूस सगळं किलोमीटरमध्ये बोलतो. आज किती झाले, साठ. रविवारी किती, शंभर, अक्कलकोट करून आलो आणि वर थोडं होटगी रोडला फिरलो. त्यात काही चूक नाही कारण आपला रस्ताच तसा आहे, सरळ आणि सपाट, शंभर म्हणजे चार-साडेचार तास हे गणित बसलेलं असतं, फार तर वारा समोरून असला तर पाच. मी हेच गणित घेऊन पहिल्यांदा कोकणात उतरलो होतो. रत्नागिरी ते विजयदुर्ग एका दिवसात मारायचं ठरवलं होतं, मोबाईलवर रस्ता अगदी किनाऱ्याकिनाऱ्यानं जाताना दिसत होता, वाटलं समुद्राकाठचा रस्ता म्हणजे टेबलासारखा असणार. संध्याकाळी सहाला आडिवऱ्याच्या अलीकडं सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर होतो, म्हणजे अर्ध्यातच, पायात गोळे, लाईटची चार्जिंग संपत आलेली, आजूबाजूला एक दिवा नाही. शेवटी एका घरी विचारलं, त्यांनी पडवीत झोपायला जागा दिली, मऊ भात आणि मेतकूट वाढलं. त्या रात्री झोप लागेपर्यंत दिवसभरातले चढ मोजत पडलो होतो आणि तेव्हा लक्षात आलं की इथं मोजायचं माप वेगळं आहे.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण दरवर्षी दिवाळी झाली की आमच्या सायकलच्या ग्रुपमधलं कोणी ना कोणी विचारतंच, कोकण करायचंय, कसं करू. तर हे घ्या.

आधी किनारा कसा आहे ते समजून घ्या

कोकणचा किनारा म्हणजे एक सलग पट्टी नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या दर पंधरा-वीस किलोमीटरला समुद्राला मिळतात आणि तिथं खाडी होते. दोन खाड्यांच्या मधे जांभ्या दगडाचं पठार असतं, त्याला तिकडं सडा म्हणतात, काळपट-तांबडा, उघडा, झाड कमी. गाव खाली खाडीकाठी किंवा समुद्राकाठी, माडा-पोफळीत. मग रस्ता काय करतो, गावात उतरतो, पूल ओलांडतो, लगेच सड्यावर चढतो, सड्यावर पाच-सात किलोमीटर पळतो आणि परत पुढच्या गावात उतरतो. दर वेळी शंभर-सव्वाशे मीटर वर आणि तेवढंच खाली. चढ लांब नसतात, दीड-दोन किलोमीटर, पण उभे असतात, मधेच एखादं वळण दहा-बारा टक्क्यांचं येतं. असे सात-आठ चढ झाले की दिवसाला सातशे ते हजार मीटर चढाई होते, आणि आपण सोलापुरात शंभर किलोमीटरमध्ये तेवढं चढत नाही.

म्हणून मी आता प्लॅन करताना खाड्या लिहून काढतो. रत्नागिरीपासून खाली दक्षिणेला गेलात तर भाट्ये म्हणजे काजळी नदी, मग पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला राजापूरची खाडी म्हणजे अर्जुना नदी, मग विजयदुर्गची वाघोटण, मग देवगड, आणि मालवणच्या पुढं कर्ली. एका दिवसात दोन मोठ्या खाड्या, फार तर तीन. नव्या माणसानं दोनच. त्यात किलोमीटर पन्नास होवोत नाहीतर सत्तर, तो दिवस भरलेलाच असतो.

सराव सोलापुरातच होतो

बरेच जण म्हणतात आपल्याकडं डोंगर कुठाय. तुळजापूर आहे की! सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर, पहाटे निघायचं, हिप्परग्याचा तलाव उजाडता उजाडता ओलांडायचा, तामलवाडीच्या पुढं रस्ता हळूहळू वर जायला लागतो आणि शेवटी बालाघाटाची कड येते, तो घाट. घाट लहानच आहे, कोकणातल्या घाटापुढं काहीच नाही, पण सड्यावरचा चढ असतो ना दीड-दोन किलोमीटरचा, साधारण त्याच जातीचा सराव इथं होतो. एकदा चढून देवीला नमस्कार करून परत यायचं असं नाही करायचं. चढा, वळा, उतरा, परत चढा. पहिल्या रविवारी तीन वेळा, मग चार, मग सहा. सहा वेळा चढून मग पंचेचाळीस किलोमीटर घरी सायकलनं यायला जमलं की समजा कोकणात जायला हरकत नाही. ट्रॅफिक आहे त्या रस्त्याला, खास करून मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला देवीची गर्दी असते, ते दिवस टाळा, आणि नवरात्रात तर तिकडं सरावाला जाऊच नका, चालत जाणारे भाविक रात्रभर रस्त्यावर असतात.

दुसरा सराव वाऱ्याचा. हिवाळ्यात आपल्याकडं वारा बऱ्याचदा पूर्वेकडून असतो. मंगळवेढा रोडनं कामतीपर्यंत जायचं आणि येताना वारा तोंडावर घेत बसून, हलक्या गिअरवर, एका लयीत पाय फिरवत यायचं. जोर लावून नाही. आपली सपाटीवरची सवय असते मोठा गिअर टाकून दाबत राहायची, ती सवय चढावर गुडघे खाते. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या पाय फिरला पाहिजे, त्यासाठी लागला तर वेग पंधरावर येऊ द्या, कोणी बघत नाहीये.

उन्हाचं मात्र एक सांगतो. आपण म्हणतो आपल्याला उन्हाचं काय, एप्रिल-मेमध्ये ४२ डिग्रीत राहणारी माणसं आपण. पण आपलं ऊन कोरडं आहे, घाम आला की वाळतो आणि अंग थंड होतं. कोकणात डिसेंबरमध्येसुद्धा दुपारी ३२ असेल पण हवा दमट, घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो, आणि त्याबरोबर मीठ जातं. मला पायात गोळे आले ते त्यामुळंच, पाणी पीत होतो पण साधं. आता तासाला एक बाटली आणि एक आड एक बाटलीत ओआरएस टाकतो, आणि जिथं कोकम सरबत मिळेल तिथं थांबून, मीठ जरा जास्त टाका म्हणून सांगून पितो. सोलकढीसुद्धा जेवणाबरोबर घ्या, पण लगेच चढ असेल तर बेतानंच.

सायकल कशी हवी

रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची, खाली वळलेल्या दांड्याची सायकल चालते, सरळ दांड्याची हायब्रिडपण चालते. पुढं काय आहे त्यापेक्षा मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दात्यांच्या चकत्या बघा. सोलापुरात बऱ्याच जणांच्या सायकलला मागं सर्वात मोठी चकती पंचवीस किंवा अठ्ठावीस दात्यांची असते. सपाटीला उत्तम. आता हिशोब करा, पुढं लहान चकती ३४ दात्यांची आणि मागं २५ असेल, तर मिनिटाला साठ फेऱ्या मारायच्या म्हटलं तरी वेग ताशी दहाच्या वर ठेवावा लागतो, आणि दहा टक्क्यांच्या चढावर दहाचा वेग म्हणजे भल्याभल्यांचा दम निघतो. तेच मागं ३४ टाकली तर साठ फेऱ्यांना साडेसातच्या आसपास वेग येतो, तेवढा वेग साधारण माणूस बसून, बोलत बोलत काढू शकतो. कॅसेट बदलताना मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, तेवढी मोठी चकती घेतो का ते मेकॅनिकला विचारून घ्या, चेनपण थोडी लांब लागते. हे काम जायच्या आदल्या दिवशी करू नका. किमान दोन तुळजापूर झाले पाहिजेत त्यावर.

टायर २८ मिलिमीटर रुंदीचे तरी हवेतच, ३२ बसत असतील तर ३२ घाला, कारण आतले रस्ते कुठं मस्त गुळगुळीत, कुठं पावसानं खाल्लेले. आपल्याकडं पंक्चर म्हणजे वेड्या बाभळीचा काटा, रस्त्याकडेला थांबलं की घुसलाच. कोकणात तो त्रास कमी, तिथं जांभ्याची बारीक कच असते, ती टायरच्या कडेला कापते. म्हणून ट्यूब दोन आणि त्याबरोबर टायर आतून लावायला जुन्या टायरचा एक तुकडा ठेवा. ब्रेक पॅड नवीन घालून निघा, आणि रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला पॅड घासणारा ब्रेक असेल तर जुने झालेले पॅड घेऊन घाट उतरायचा विचारसुद्धा करू नका.

सामान कमी. दोन जोड कपडे, एक पावसाळी जाकीट कारण आंब्याला, म्हणजे आंबा घाटाच्या माथ्यावरच्या गावाला, पहाटे धुकं आणि गारवा असतो, पुढचा-मागचा लाईट, पॉवर बँक, रोख पैसे सुटे. खायला घरचं न्या. शेंगा चटणी आणि कडक भाकरी यापेक्षा चांगलं राईडचं खाणं मला अजून सापडलेलं नाही, वजन नाही, आठ दिवस टिकते, मीठ आहे, तेल आहे, पोटाला जड नाही. फक्त कोकणच्या हवेत भाकरी एका रात्रीत सादळते आणि चिवट होते, म्हणून चार-चार तुकड्यांची छोटी पाकिटं करून घट्ट बंद करा, एका वेळी एकच उघडा. शेंगदाण्याचे लाडू खिशात. चॉकलेट नको, वितळतं.

आपला रस्ता थेट रत्नागिरीला जातो

सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा, रत्नागिरी हा एकच राष्ट्रीय महामार्ग आहे, १६६ नंबरचा. म्हणजे तिऱ्ह्याला सीना ओलांडून आपण जो रस्ता धरतो तोच पुढं समुद्राला जाऊन थांबतो. मला हे कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. सायकलनं पूर्ण जाता येतं की, कोल्हापूरपर्यंत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर होतात. बेगमपूरला भीमा, जवळच माचणूरचं सिद्धेश्वराचं मंदिर, नदीकाठी शांत जागा आहे, पहिला चहा तिथं. मग मंगळवेढा, सांगोला, जुनोनी, नागज, कवठेमहांकाळ. रस्ता चांगला, रुंद, पण सावली नाही आणि जड गाड्या जोरात असतात, त्यामुळं शोल्डर, म्हणजे रस्त्याच्या कडेची पट्टी, सोडून आत यायचं नाही. आणि कार्तिकी एकादशीच्या आसपास जात असाल तर या पट्ट्यात पंढरपूरला चालत निघालेल्या दिंड्या असतात, पहाटे अंधारात कडेनं चालणारी माणसं दिसत नाहीत, उजाडल्याशिवाय सायकल काढू नका.

पण पहिल्यांदाच जात असाल तर माझं सरळ मत आहे, कोल्हापूरपर्यंत सायकल गाडीत टाकून न्या. रजा मोजकी असते, ती सपाटीवर घालवू नका, सपाटी आपल्याकडं वर्षभर आहे. एसटीनं न्यायची असेल तर टपावर टाकतात, लगेज तिकीट काढावं लागतं, कंडक्टरशी आधी गोड बोलून घ्या, डिरेलरची बाजू वर ठेवून दोन जागी बांधा, आणि पुढचं चाक काढून घेऊन आत बसता आलं तर उत्तम. चार जण असाल तर पिकअप भाड्यानं परवडतो, खाली गाद्या टाकायच्या.

कोल्हापूर ते आंबा पासष्टेक किलोमीटर, एक पूर्ण दिवस द्या. वाघबीळचा चढ लवकर येतो, कोल्हापूर सोडल्यावर पायात रक्त यायच्या आत, तिथं जोर लावणारे बांबवड्यापर्यंत संपतात. पुढं मलकापूर, मग झाडी वाढत जाते, उसाचे फड मागं पडतात. रस्त्याच्या चौपदरीकरणाची कामं या पट्ट्यात बघायला मिळतात, धूळ असते, तोंडाला रुमाल ठेवा. संध्याकाळी चारच्या आत आंब्याला पोचून मुक्काम करा. सहा वाजून गेल्यावर आणि पहाटे अंधारात तिथं गवे रस्त्यावर येतात, गवा म्हणजे आपल्या म्हशीपेक्षा दुप्पट जनावर, समोर दिसला तर थांबायचं, आवाज करायचा नाही, तो गेला की मग निघायचं.

घाट उतरताना

आंबा घाट मी मुद्दाम वेगळा लिहितोय कारण आपल्या लोकांना चढाची भीती असते आणि उताराचा आनंद, आणि गडबड उतारावरच होते. सोलापुरात आपण उतार शिकतच नाही.

सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला निघा, धुकं वर गेलेलं असलं पाहिजे, रस्त्यावरचा ओलावा बघा, झाडांखाली वळणावर तो उशिरापर्यंत राहतो. निघायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढं ढकलून बघायची, क्विक रिलीज, म्हणजे चाक आवळायची खटकी, घट्ट आहे का हात लावून बघायचं, पाठीवरची बॅग आवळायची. हात खालच्या दांड्यावर, म्हणजे ड्रॉपवर, बोटं ब्रेकवर. ढुंगण जरा मागं. वळण दिसलं की वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर असतानाच, दोन्ही ब्रेक दाबून वेग पाडायचा, मग ब्रेक सोडून वळायचं, वळणात आतल्या बाजूचं पॅडल वर, नजर वळण जिथं संपतं तिथं, समोरच्या खड्ड्यावर नाही, कारण बघाल तिकडं सायकल जाते. वळण संपलं की पुढच्या वळणाआधी परत तसंच. दाबा, सोडा, दाबा, सोडा. घाबरून सगळा घाटभर ब्रेक हलकाच धरून ठेवणं हे सर्वात वाईट, रिम तापते, ट्यूब फुटू शकते, आणि डिस्क ब्रेक असले तरी तापून पकड कमी होते. हातात कळ आली तर थांबा, कठडा असलेली रुंद जागा बघून, वळणाच्या बाहेर. ट्रकच्या मागं लटकू नका, ट्रकचे ब्रेक तापल्याचा जळका वास आला तर थांबून त्याला पुढं जाऊ द्या.

घाटातून डावी-उजवीकडं बघायला थांबा मात्र नक्की. याच मुलखात विशाळगड आहे, पावनखिंड आहे, १६६० च्या जुलैमध्ये भर पावसात पन्हाळ्यावरून माणसं पायी या रानातून गेली. आपण चांगल्या डांबरी रस्त्यावरून ब्रेक दाबत उतरतो, तेव्हा ते आठवलं की मी तरी पाच मिनिटं गप्प होतो.

खाली दख्खन, साखरपा, मग नाणीज, पालीला मुंबई-गोवा महामार्ग लागतो, हातखंब्याला तो सोडायचा, तिथं अतिशय सावध, आणि मग रत्नागिरी. घाट उतरलो म्हणजे संपलं असं नाही, साखरप्यापासून रत्नागिरीपर्यंत रस्ता वरखाली आहेच, आणि हवा एकदम बदलते, पहिल्या अर्ध्या तासात जर्सी ओली.

किनाऱ्यावरचे दिवस

रत्नागिरीत एक दिवस हलका ठेवा. आरे-वारे मार्गानं गणपतीपुळे पंचवीसेक किलोमीटर. आरे आणि वारे हे दोन किनारे शेजारी शेजारी, मधे रस्ता कड्यावर चढतो आणि वरून दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. पुळ्याच्या पुढं मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, त्यांचं स्मारक आहे, घर बघून या. परत रत्नागिरीला. हा दिवस म्हणजे कोकणच्या चढांशी ओळख, गिअर नीट पडतायत का, गुडघा काय म्हणतोय, हे सगळं सामान नसताना कळतं.

मग दक्षिण. दक्षिणेलाच का, तर हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, खाली मालवणकडं जाताना तो पाठीला मिळतो.

माझ्या सायकलच्या दांड्यावर मी एक कागदाची पट्टी चिकटवतो, वरून पारदर्शक टेप, घामानं शाई जाऊ नये म्हणून. रत्नागिरी सोडल्यानंतरची माझी पट्टी अशी असते: भाट्ये पूल. चढ. गोळप सडा. उतार. पावस, नाश्ता. चढ, उतार. पूर्णगड पूल. गावखडी, पाणी भरा. चढ मोठा. कशेळी. आडिवरे, जेवण. सडा. उतार. जैतापूर, मुक्काम. बस, एवढंच. किलोमीटर एकही लिहीत नाही. किती आलो हे मीटर सांगतोच, पण पुढं किती उरलंय हे मला चढांत कळायला हवं असतं, अजून दोन चढ आहेत म्हटलं की किती पाणी, किती खाणं, कुठं थांबायचं हे आपोआप ठरतं. चढ संपला की अंगठ्यानं त्या शब्दावर खूण करायची, फार समाधान मिळतं त्यात.

पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी, तिथं सकाळी शांतता असते. पूर्णगडच्या पुलावर थांबा, डाव्या हाताला खाडी आत डोंगरात शिरताना दिसते, उजवीकडं समुद्र, आणि पूल उतरलं की गावखडीचा किनारा, सुरूची झाडं. माझ्या मते अख्ख्या किनाऱ्यावर सायकल उभी करून बसावं अशी ही जागा. कशेळीला कनकादित्याचं सूर्यमंदिर, कोकणात सूर्याची मंदिरं मोजकीच आहेत. आडिवऱ्याला महाकाली.

पुढच्या दिवशी जैतापूरहून विजयदुर्ग. इथं नकाशा फसवतो, किल्ला जवळ वाटतो पण मधे वाघोटण खाडी आहे, रस्ता आत शिरून पूल गाठून परत बाहेर येतो, तर त्या दिवशी तेवढंच ठेवा. मग गिर्ये, देवगड, कुणकेश्वर, तिथं देऊळ अगदी लाटांना लागून आहे. मग आचरा, मालवण. देवगड ते मालवण पन्नासेक किलोमीटर, आधीच्या दोन दिवसांपेक्षा सोपे. देवगडच्या पुढं भाषा बदललेली जाणवते, टपरीवर मावशी विचारतात, "खंयसून इलात?" सोलापूर म्हटलं की पुढचा प्रश्न चादरीचाच असतो. मालवणला एक दिवस सायकल ठेवून सिंधुदुर्ग बघा, होडीनं जावं लागतं.

चढावर एकच सांगतो, पहिल्या शंभर मीटरमध्ये सर्वात हलक्या गिअरवर या, चढ उभा झाल्यावर गिअर पाडायला गेलात तर चेन ताणाखाली अडकते नाहीतर निसटते. श्वास इतका ठेवा की शेजारच्याशी वाक्य पूर्ण बोलता येईल. नाही जमलं तर उतरून ढकला, सायकल ढकलत चढलेला चढपण चढलेलाच असतो.

उत्तरेकडं जायचं असेल तर

रेवस ते रेड्डी असा पूर्ण सागरी मार्ग आहे, पाचशेच्या आसपास किलोमीटर, पण रत्नागिरीच्या वरच्या अंगाला काही खाड्यांवर फेरीबोट धरावी लागते. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा. सायकल घेऊन बोटीवर सहज जाता येतं, तिकीट किरकोळ. दोन गोष्टी. फेरीची वेळ आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा, आणि शेवटच्या फेरीवर कधीच अवलंबून राहू नका, कारण ती चुकली तर वळसा फार मोठा, जयगडला भातगावच्या पुलाकडून तरी जाता येतं, दाभोळला तर पार चिपळूणच्या अंगानं आत जावं लागतं. आणि बोटीवर चढताना-उतरताना लोखंडी फळी ओली, शेवाळलेली असते, रोड बाईकचे क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला पॅडलमध्ये अडकवायचे कडक तुकडे, असतील तर बूट काढून हातात घ्या. माझ्या मित्राचं कोपर तिथंच फुटलंय.

परत येताना

मालवणहून कुडाळ तीसेक किलोमीटर, तिथं कोकण रेल्वे आहे, पण ती आपल्याला पनवेलकडून फिरवून आणते, वेळ बघा. गाडी बोलावलीत तर सोपं. आणि पाय शाबूत असतील तर सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून या. दाणोली गेली की चढ सुरू होतो, आंबोली ६९० मीटरवर आहे, पण हा घाट उभा नाही, एकसारखा आहे, झाडी दाट, सावली आहे, एकदा लय बसली की दीड-दोन तास नुसतं चढत राहायचं. माझ्या मते चढायला सर्वात चांगला घाट हाच. वर हिरण्यकेशीचा उगम. मग आजरा, गडहिंग्लजकडून वर.

पावसाळ्यात हे काहीही करू नका, फोटो कितीही भारी दिसले तरी. आपल्याकडं वर्षात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दहापट आंबोलीला पडतो, दरड कुठं येईल सांगता येत नाही, आणि रिम ब्रेक ओले झाले की लागतच नाहीत. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी, हे दिवस. डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडा, किनाऱ्यावर गाड्यांची रांग असते आणि खोल्या मिळत नाहीत.

घरी पोचलात की झोपायच्या आधी सायकल धुवा. सकाळी करू म्हणू नका. समुद्राची खारी हवा आणि लाल माती मिळून चेनवर जो थर बसतो तो दोन दिवसांत गंजतो. गोड्या पाण्यानं, जोराचा पाइप न मारता, बादली आणि फडकं घेऊन. कॅसेटच्या चकत्यांमध्ये जुना टूथब्रश घाला, तांबडं पाणी निघत राहतं, ते पांढरं होईपर्यंत. सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, बाहेर काढून आतलं पाणी झटका, बोल्टवर थोडं ग्रीस, चेन कोरडी करून तेल. ब्रेक पॅड काढून बघा, रबरात रेतीचे कण रुतलेले असतात, ते सुईच्या टोकानं एकेक काढायचे, नाहीतर पुढच्या तुळजापूरला रिमवर ओरखडे पडतात.